माती लावलेली झाडं

मामानं पिशवीतून सालीचा तुकडा काढून थेट कटिंगच्या टेबलावर टाकला, तेव्हा थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या टेबलावर कापडाशिवाय काहीही ठेवायचं नाही, हा तिचा नियम मांजरालासुद्धा पाठ होता. चहाचा कप नाही, चष्मा नाही, कुणाचं कोपर नाही. आज तर खरेदीबाई कुठल्याही घटकेला येणार होती. ‘उतार’चे पहिलेवहिले कोट इस्त्री होऊन दांडीवर लटकत होते, आणि हा सख्खा मामा डोंगर उतरून येतो काय आणि मातीनं बरबटलेलं लाकूड तिच्या टेबलावर ठेवतो काय.

“मामा, उचल ते,” ती म्हणाली.

“उचलतो. आधी बघ.”

“बघायला वेळ नाही. दुकानाची बाई येतेय. तू हातपाय धू, चहा घे, मग काय ते सांग.”

“चहा राहू दे. बघ आधी.”

मामाचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिनं दोन बोल सुनावले असते आणि विषय संपला असता. आईला सात भावंडं, त्यातला हाच एक डोंगरावर राहिलेला, आणि याचा आवाज चढलेला तिनं जन्मात ऐकला नव्हता. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीला खोचल्या आणि तुकडा हातात घेतला. एका कडेला वाळलेली माती होती, थरावर थर दिलेली. दुसरी कड नवी होती, कोयत्यानं सरळ उतरवलेली.

हे समजायला तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. त्यांच्यात रंगासाठी साल काढतात ती झाडाच्या एकाच अंगानं, हातभर रुंद, बस्स. काढली की जखमेवर ओली माती थापायची. माती लावलेलं झाड म्हणजे बाळंतीण. ते कुठल्याही घराचं असो, त्याच्याकडे बोट करायचं नाही, फांदीला टेकायचं नाही, जखम भरून नवी साल धरेपर्यंत कोयता त्या वाटेनं न्यायचासुद्धा नाही. मग त्याच मातीच्या कडेला लागून कोयता चाललाच कसा?

“माती लावलेल्या झाडाची आहे ही,” थोरली म्हणाली.

“उरलेल्या अंगाची. ओढ्याच्या वरची सगळी माती लावलेली झाडं अशीच सोललीत. गोल.” मामानं हवेत बोट फिरवलं. “पानं अजून हिरवी आहेत वर. झाडाला अजून कळलेलं नाही.”

कोपऱ्यात ओव्हरलॉकचं मशीन चालू होतं ते थांबलं. मशीनवर भावजय बसली होती. आई मागच्या दाराशी रंगाचा हंडा घासत होती, तिचाही हात थांबला. जुन्या छापखान्याचा तो हॉल. भिंतीला अजून शाईचे डाग, खिडक्या उंच. एरवी इथं इतका आवाज असायचा की बोलायचं तर ओरडावं लागे.

“मेल्यांनो,” थोरली म्हणाली, “पलीकडचा डोंगर खाल्लात, पोट भरलं नाही तुमचं.”

पलीकडचा डोंगर आजोबांच्या वेळी गेला होता. प्लायवूडवाले आले, कागद दाखवले, आणि मूळचे लोक बघत राहिले. त्यानंतर हा एक उतार तेवढा हातात उरला. त्यासाठी आजीनं पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या होत्या. म्हणूनच ब्रँडचं नाव ‘उतार’. आता तिथंही बाहेरचे घुसले म्हटल्यावर थोरली तक्रार कुठं करायची, कुणाकुणाला फोन लावायचे, याच्या तयारीलाही लागली.

“बाहेरचे नव्हते,” मामा म्हणाला. “कोयते भाड्याचे होते. माणूस आपलाच.” आणि तो थोरलीच्या धाकट्या भावाकडे बघत राहिला.

धाकट्याला घरात सगळे साहेब म्हणत. कडक इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन, तोंडात गोड बोलणं. विक्री त्याच्याकडे होती. दुकानांची ती मोठी साखळी गळाला लावली ती त्यानंच, आणि थोरलीनं महिनाभर त्याचं कौतुक गावभर केलं होतं. आत्ता मात्र साहेबांनी मिठाची गुळणी धरली होती.

“बोल की,” थोरली म्हणाली. “एरवी तुझं तोंड बंद करायला पैसे मोजावे लागतात.”

“ताई, बाई येऊन जाऊ दे. मग बसून बोलू.”

“आत्ता बोल.”

“मला माहीत नव्हतं.”

“काय माहीत नव्हतं?”

“मातीचं.” त्यानं आईकडे पाहिलं. “लहानपणी आईबरोबर एकदा गेलो होतो वर. ती माती थापत होती. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, ही आपली झाडं. तेवढंच डोक्यात राहिलं. साल कमी पडत होती, मी माणसं लावली, त्यांना म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या झाडाला हात लावू नका, माती लावलेली तेवढी आपली. तेवढ्यांचीच काढा. मी आपला काळजी घ्यायला गेलो, ताई.”

घ्या. काळजी घेतली म्हणे. जी झाडं सोडायची ती नेमकी बोट दाखवून सोलायला लावली. परक्या माणसानं दहातली दोन चुकून धरली असती. अशी एकूण एक अचूक मारायला घरचाच माणूस लागतो.

“कुंपणानंच शेत खाल्लं,” थोरली म्हणाली. “बाहेरच्यांनी तोडलं तेव्हा निदान बोंब तरी मारता आली. आता कुणाच्या नावानं मारू?”

“त्यांनी मुद्दाम केलंय का?” भावजय मशीनवरून उठली. एरवी ही बाई नवऱ्याला चारचौघांत कोपरखळ्या मारणारी, पण आज त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. “आठव्या वर्षी शहरातल्या वसतिगृहात टाकलंत त्यांना. एवढ्याशा पोराला. शिकून मोठा हो, म्हणालात. झाले. आता डोंगरातलं येत नाही म्हणून बोलता? शिकवलं कोणी?”

“तुझं खरं आहे,” आई मागून म्हणाली. हंडा तसाच ठेवून ती पदराला हात पुसत आली. तिचे हात कोपरापर्यंत तांबूस, धुऊन जायचे नाहीत. “पाठवला मीच. तिथं ह्याला डोंगराचं नाव काढलं तर पोरं हसायची. मग सुट्टीतसुद्धा वर यायला नको म्हणायचा. मीही ओढून नेला नाही.”

थोरलीचा राग तिथं थोडा अडकला. आई अशी मधे येऊन स्वतःच्या डोक्यावर घेते, मग भांडायचं कोणाशी? आणि चूक म्हटली तर चूकच होती. अडाणीपणाची, पण चूक. झाडं गेली, छाती फुटावी इतकं वाईट झालं, पण भावाला काय सुळावर चढवायचं? ती खुर्चीत बसली. एवढ्यावर ते निभावलंही असतं.

पण मामा अजून उभाच होता.

“मी ह्याच्यासाठी आलो नाही,” तो म्हणाला. “झाडं कळली त्याच दिवशी मी ह्याला फोन केला. त्याला झाला आठवडा. हा म्हणाला, ताईला सगळं माहीत आहे. कोट दुकानात गेले की ती स्वतः वर येऊन घराघरांत बोलेल, तोवर गप्प बस. मी बसलो गप्प. ज्यांची झाडं ती माणसं मला रोज भेटतात, पण बोललो नाही. घास उतरेना. म्हटलं, हिला माहीत असून ही कोट शिवत बसेल? जाऊन तोंडावर विचारावं.”

थोरलीला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि ती खुर्चीतून उठली.

“माझं नाव घेतलंस?”

“ताई…”

“माझं नाव घेऊन मामाला गप्प बसवलंस?”

“मलाही हेच सांगितलंत तुम्ही,” भावजय म्हणाली. ती नवऱ्यापासून दोन पावलं लांब झाली होती. “ताईला माहीत आहे, तीच म्हणाली आत्ता काढू नका म्हणून. आठवडाभर मी ताईंशी धड बोलले नाही. भाजी वाढताना भांडं आपटत होते. मनात म्हणत होते, काय बाई आहे, बोलते एक आणि करते एक.”

आता थोरलीला आठवडाभराची ती आपटलेली भांडी कळली. मशीन बिघडलंय, पाठ दुखतेय, माहेरची आठवण येतेय, असलं काय काय तिनं मनाशी ठरवलं होतं.

“चूक केलीस ती गिळली असती मी,” ती म्हणाली. “खरंच गिळली असती. पण तू माझ्या तोंडानं खोटं बोललास. अरे, मी त्या फॅक्टरीत किती वर्षं कापड कापलं? आपल्या आजीची नक्षी नायलॉनवर छापायचे आणि ‘डोंगरी शर्ट’ म्हणून विकायचे, आणि मला कापायला लावायचे. एक दिवस सुपरवायझर म्हणाला, तुमच्या लोकांना आनंद व्हायला हवा, जगभर पोचताय. त्या दिवशी कात्री ठेवली मी. आपल्या नावावर दुसरा खोटं विकतो हे सहन होईना म्हणून हे सगळं मांडलं. आणि तू तेच केलंस. घरात बसून केलंस.”

टेबलाच्या टोकाला लेबलांची चळत होती. तिनं वरचं उचललं. मजकूर साहेबांनीच लिहिला होता आणि तिला तो इतका आवडला होता की दोनदा मोठ्यानं वाचायला लावला होता. ‘उतार. आमचा डोंगर, आमचे हात. एकाही झाडाला न दुखवता.’

“वाच,” ती म्हणाली. “नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. वाच ना मोठ्यानं.”

साहेबांनी वाचलं नाही. “पहिल्याच मालाला नाही म्हटलं असतं तर दुकानानं पुन्हा दारात उभं केलं नसतं,” तो हळूच म्हणाला. “तुला किती वर्षांनी हसताना बघितलं, ताई. मला सांगवेना.”

“म्हणजे माझ्यावर उपकारच केलेस.”

“थोरले,” आई म्हणाली, “एक विचारू? साल आली तेव्हा ट्रक रस्त्यावर उभा होता. पोत्यांवर पोती. आपल्या डोंगरानं एकदम एवढी कधी दिली होती?”

थोरलीनं लेबल चळतीवर परत ठेवलं.

“मी हंड्यात घातली. तुकडे करून, धुऊन आली होती, पण ओली होती. वास हिरवा होता. मनात पाल चुकचुकली, तरी घातली. मी विचारलं नाही. तू विचारलंस?”

खालच्या रस्त्यावर गाडीचं दार वाजलं. सगळ्यांनी एकदम दांडीवरच्या कोटांकडे पाहिलं. इतकी सुंदर चीज त्या घरानं आजवर केली नव्हती. विटेसारखा तांबूस रंग, उजेडाकडे धरलं की आतून सोन्याची छटा, खांद्याची शिवण अशी बसलेली की कुठं सुरू झाली ते सापडू नये.

“लेबलं तेवढी काढू,” साहेब घाईनं म्हणाला. “नुसते कोट देऊ. खोटं तरी राहणार नाही. ताई, पाया पडतो.”

“तू काही बोलायचं नाहीस,” थोरली म्हणाली. “तुझं बोलून झालंय.”

खरेदीबाई हसतमुख, साधी, नेटकी. आल्या आल्या तिनं आईला वाकून नमस्कार केला आणि कोटांपुढे उभी राहिली ती बोलेचना. बाहीवरून हात फिरवला, अस्तर उलटून पाहिलं, काजं बोटांनी चाचपली. तिला कापडातलं कळत होतं, हे थोरलीनं तेव्हाच ओळखलं, आणि म्हणूनच पुढचं बोलणं तिला जास्त जड गेलं. पण बोलली. काही न लपवता बोलली. माती कशासाठी, झाडं कशी सोलली, ती आता मरणार, कोटांचा रंग त्यांचाच आहे, आणि लेबलावर लिहिलंय ते खोटं आहे.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांना रुमाल लावला, तोही खोटा नव्हता.

“तुम्ही खरं सांगितलंत, मला फार आवडलं,” ती म्हणाली. “असं कोणी सांगत नाही हो. पण तुम्ही घाबरू नका. उलट हे जास्त चांगलं आहे.”

“काय चांगलं आहे?”

“लेबल बदलू ना. मरणाऱ्या झाडांचे शेवटचे कोट. मोजकेच, पुन्हा कधीच होणार नाहीत. लोक वेडे होतील. किंमत आपण वाढवू, तुमचाच फायदा.” ती बोलता बोलता रंगली. “आणि आईंचा एक फोटो, त्या झाडांपाशी. हात असे सालीवर ठेवलेले. डोळ्यांत थोडं पाणी असलं तर बघायलाच नको.”

थोरलीनं तोंड उघडलं, पण राग इतका दाटला होता की शब्द फुटेना. झाडांना मारलं ते घरच्याच माणसानं, आणि आता त्यांच्या मढ्यावरचा शेला विकायला हिनं मांडला होता. तोही प्रेमानं.

बोलला तो साहेब. याच बाईपुढे महिनाभर हांजी हांजी केलेला साहेब.

“मॅडम,” तो म्हणाला, “रडायचे वेगळे पैसे घेते आमची आई. तुमच्या दुकानाला परवडणार नाही.”

बाईला आधी हसावं की काय ते कळेना. “मी चांगल्या मनानं म्हणाले,” ती म्हणाली.

“माहीत आहे. मीपण चांगल्या मनानंच सगळं केलं. त्यानंच तर वाट लागली.” तो कोटांच्या आणि बाईच्या मधे येऊन उभा राहिला. “कोट मिळणार नाहीत. लेबल लावूनही नाही, काढूनही नाही. पुढची साल डोंगर देईल तेव्हा, देईल तेवढीच. तोवर थांबता येत असेल तर थांबा.”

“आमच्याकडे सीझन असतो हो. थांबता येत नाही.”

“मग राहिलं.”

बाईनं थोरलीकडे पाहिलं, ही तरी काही म्हणेल म्हणून. थोरलीनं दार दाखवलं नाही, पाणी विचारलं. बाईनं नको म्हटलं, कोटांकडे एकदा पुन्हा बघितलं आणि जिना उतरून गेली.

ती गेल्यावर थोरलीनं मोठी कात्री उचलली आणि दांडीवरचा पहिला कोट खेचला.

“काय करतेस?” आई म्हणाली.

“कापते. नजरेसमोर नकोत.”

“कापून झाडं उभी राहणार आहेत? झाडाचा जीव आहे त्यात. एकदा मारलं ते पुरे झालं.” आईनं तिच्या हातातून कात्री काढून घेतली. तिच्या हातातून कात्री काढून घेणारी त्या घरात ही एकच बाई. “ज्यांची झाडं त्यांचे कोट. घरटी एक. घालतील, चुलीत घालतील, तोंडावर फेकतील, त्यांची मर्जी. हा नेऊन देईल.”

साहेबांचा चेहरा उतरला. “मी एकटा?”

“मी येतो की घरं दाखवायला,” मामा म्हणाला. “तुला घरं तरी कुठं माहीत आहेत.”

भावजयीनं काही न बोलता छोटी कात्री घेतली आणि कोटांच्या मानेवरची लेबलं उसवायला बसली. थोरली तिच्या शेजारी बसली. टाके बारीक होते, थोरलीनंच घातलेले, आणि ते काढताना कापडाला ओरखडा जाऊ द्यायचा नव्हता. एक कोट झाला, दुसरा झाला. मधेच भावजय खाली मान घालून म्हणाली, “भांडी आपटली, ताई.” थोरली म्हणाली, “कळलं गं. वहाणेनं मारायचं होतंस, मला वाटलं तुझी पाठ दुखतेय.” दोघी थोड्या हसल्या, आणि मग भावजयीला रडू आलं.

साहेब कोटांच्या घड्या घालत होता. धड येत नव्हत्या. मामा प्रत्येक घडी मोडून पुन्हा घालत होता. उन्हं खिडकीतून खाली आली होती, अजून वर चढण्याइतका दिवस शिल्लक होता.

“ताई,” गाठोडं बांधता बांधता साहेब म्हणाला, “प्रत्येक घरात पहिलं हेच सांगेन. तुझं नाव मी खोटं घेतलं. ताईला काही माहीत नव्हतं.”

तिला हेच ऐकायचं होतं. मघापासून, मामा बोलला तेव्हापासून, तिला फक्त हेच ऐकायचं होतं, घराघरांत, त्याच्या तोंडून. होय म्हटलं असतं तर त्या डोंगरावर तिच्याकडे कोणी बोट केलं नसतं. तिनं आईकडे पाहिलं. आई हंडा घासत होती आणि मुद्दामच वर बघत नव्हती.

थोरलीनं मांडीवरचे दोरे झटकले, उठली आणि दुसरं गाठोडं खांद्याला लावलं.

“तू तुझं सांग,” ती म्हणाली. “ट्रकभर साल दारात आली आणि मी कुठून आली विचारलं नाही, हे मी सांगते.”